मधली ६७ वर्षे गाळू नका

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतला सम्राट कॉन्स्टंटाइनवरचा लेख वाचला. मिल्व्हियन पुलाच्या लढाईचे वर्णन त्यात छान उतरले आहे. मात्र ‘३१३ साली मिलानच्या फर्मानाने ख्रिस्ती धर्म रोमन साम्राज्याचा राजधर्म झाला’ हे विधान साफ चूक आहे. इतिहास शिकवत होते तेव्हा उत्तरपत्रिकांतून हेच वाक्य मी वर्षानुवर्षे लाल शाईने खोडत आले. तेच आता छापून आलेले पाहून गप्प बसवेना.

मिलानला कॉन्स्टंटाइन आणि त्याचा सहसम्राट लिसिनियस यांच्यात जे ठरले, त्याचा मजकूर लॅक्टॅन्शियस या समकालीन लेखकाने जपून ठेवला आहे. ख्रिश्चनांना आणि इतर सर्वांनाही आपापला धर्म पाळण्याची मोकळीक, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. छळाच्या काळात जप्त झालेल्या ख्रिस्ती जागा मोबदला न घेता परत कराव्यात आणि ज्यांनी त्या विकत घेतल्या असतील त्यांनी भरपाईसाठी सरकारकडे यावे, इथपर्यंत तपशील आहे. राजधर्माचा शब्दही नाही. तो आला २७ फेब्रुवारी ३८० रोजी, सम्राट थिओडोसियसने ग्रीसमधल्या थेसालोनिकाहून काढलेल्या आज्ञेत. मध्ये ६७ वर्षे गेली, आणि सर्वांना मोकळीक देणारी राजसत्ता एकाच मताची कशी झाली याचे उत्तर याच वर्षांत आहे.

माझ्या मते त्याची सुरुवात उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजला झाली. सम्राट डायोक्लेशियनने ३०३ साली ख्रिश्चनांचा छळ सुरू केला तेव्हा काही बिशपांनी भीतीपोटी धर्मग्रंथ अधिकाऱ्यांच्या हवाली केले होते. छळ थांबल्यावर प्रश्न उभा राहिला, की अशा माणसाच्या हातून झालेली दीक्षा खरी मानायची का? कार्थेजचा बिशप सीसिलियन याला दीक्षा देणाऱ्यावर हाच आरोप होता. विरोधकांनी आपला वेगळा बिशप नेमला. पुढे डोनेटस त्यांचा पुढारी झाला आणि ते डोनेटिस्ट म्हणून ओळखले जाऊ लागले.

नेमक्या याच वेळी कॉन्स्टंटाइनची मदत आफ्रिकेत पोहोचली. त्याची पत्रे युसेबियस या समकालीन चर्च-इतिहासकाराच्या ग्रंथात आहेत. एका पत्रात सीसिलियनला तीन हजार फोलिस (त्या काळचे रोमन चलन) देण्याची व्यवस्था आहे. दुसऱ्यात प्रांताधिकारी अनुलिनसला हुकूम आहे, की सीसिलियनच्या चर्चमधल्या धर्मगुरूंना नगरसेवेच्या सक्तीच्या जबाबदाऱ्यांतून सूट द्यावी. ही सूट किरकोळ नव्हती. त्या काळी शहराच्या सभेतल्या श्रीमंतांना करवसुली करून तूट पडली तर ती पदरची भरावी लागे. त्यामुळे सूट मिळताच सधन माणसे धर्मगुरू होण्यासाठी धावली आणि काही वर्षांतच खुद्द कॉन्स्टंटाइनला त्यावर निर्बंध घालावे लागले.

पैसा आणि सूट द्यायची तर ती घेणारा खरा धर्मगुरू कोण, हे सरकारला ठरवावेच लागते. मिलानच्या मजकुरात हा प्रश्न नव्हता, राजाश्रयाने तो निर्माण केला. ३१३ सालीच डोनेटिस्टांनी सम्राटाकडे दाद मागितली. त्याने प्रकरण रोमच्या बिशपाकडे सोपवले. निकाल विरोधात गेला, म्हणून ३१४ मध्ये आर्ल येथे परिषद भरली. तिथेही समाधान झाले नाही, तेव्हा ३१६ मध्ये सम्राटाने स्वतःच सीसिलियनच्या बाजूने निकाल दिला. मग चर्चच्या इमारती जप्त झाल्या, सैनिक गेले, रक्त सांडले. छळ संपून दशकही लोटले नव्हते, तोच ख्रिश्चनांविरुद्ध ख्रिश्चनांच्याच बाजूने राजदंड उगारला गेला होता.

इथे मला कॉन्स्टंटाइनबद्दल मनापासून आदर वाटतो तो एका गोष्टीसाठी. ३२१ साली त्याने सक्ती मागे घेतली आणि डोनेटिस्टांचा न्याय देवावर सोपवला. पुढे त्यांनी उत्तर आफ्रिकेतल्याच सिर्टा शहरात त्यानेच बांधवलेले चर्च बळकावले, तेव्हाही ते हिसकावून न घेता त्याने दुसऱ्या पक्षाला नवे चर्च बांधून देण्याची व्यवस्था केली. एवढ्या बलाढ्य राज्यकर्त्याचा हा संयम पाठ्यपुस्तकांत का येत नाही, याची मला खंत आहे.

पण पायंडा पडून गेला होता. ३२५ च्या नायसिया परिषदेत ‘ख्रिस्त देवपित्याच्या बरोबरीचा नाही’ हे आरियस या धर्मगुरूचे मत धिक्कारले गेले आणि त्याला हद्दपार केले ते सम्राटाने. ३२६ च्या कायद्याने धार्मिक सवलती फक्त मान्य मताच्या लोकांपुरत्या ठेवल्या, इतरांवर उलट जास्त बोजा टाकायला सांगितले. थिओडोसियसने ३८० साली याच वाटेने जाऊन रोमचा डमासस आणि अलेक्झांड्रियाचा पीटर या बिशपांची नावे घेऊन सांगितले, की यांची श्रद्धा तीच खरी, बाकीचे पाखंडी. ती आज्ञा प्रामुख्याने इतर ख्रिश्चनांना उद्देशून होती, हेही लेखात यायला हवे होते. जुन्या रोमन देवदेवतांच्या देवळांतल्या बळींवरची त्याची सरसकट बंदी ३९१ मधली. त्याआधीच, ३८५ च्या सुमारास, ट्रियर येथे प्रिसिलियन या स्पॅनिश बिशपाला ख्रिस्ती सम्राट मॅक्सिमसच्या हुकमाने मृत्युदंड झाला होता. कागदोपत्री आरोप जादूटोण्याचा असला, तरी मूळ भांडण मतांचे होते. टूरचा बिशप मार्टिन याने त्याच्या जिवासाठी रदबदली केली, पण ती व्यर्थ गेली.

साम्राज्याला यातून एकी मिळाली का? ४११ साली कार्थेजला वाद मिटवण्यासाठी सभा भरली, तेव्हा दोन्ही पक्षांचे मिळून साडेपाचशेहून अधिक बिशप हजर होते. सीसिलियनच्या निवडीला तोवर शंभर वर्षे होऊन गेली होती. पुढच्याच वर्षी डोनेटिस्टांवर कायद्याने बंदी आली आणि ४३९ साली व्हँडल या जर्मानिक टोळीने कार्थेज घेतले. रोमच्या पाडावाचे खापर मी या भांडणावर फोडत नाही, त्याची कारणे कितीतरी आहेत. पण ज्या प्रांतातून रोमला धान्य जाई, तिथली गावेच्या गावे आपल्याच सरकारला वैरी मानू लागली होती, हे विसरून चालणार नाही.

लेखाचा दुसरा भाग येणार असल्याचे आपण जाहीर केले आहे. त्यात ३१३ आणि ३८० या दोन सालांची दुरुस्ती ठळकपणे छापावी आणि सीसिलियनबद्दलच्या त्या दोन पत्रांना थोडी जागा द्यावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका