पेंडल्टन कायद्याचं श्रेय मतदारांनाही द्या

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या हत्येवरचा लेख आवडला, पण एक मुद्दा अजिबात पटला नाही. नोकरी न मिळालेल्या गिटोने 2 जुलै 1881 ला गोळ्या झाडल्या आणि त्यामुळेच सरकारी नोकरभरती सुधारली, असं लेखक म्हणतात. मग वशिल्याऐवजी परीक्षा घेऊन सरकारी नोकरभरती करायला लावणाऱ्या पेंडल्टन कायद्याला जानेवारी 1883 का उजाडलं? मधे 1882 ची निवडणूक झाली, सत्ताधारी रिपब्लिकन पक्षाला जबर फटका बसला आणि तेव्हा कुठे काँग्रेस (अमेरिकेची संसद) हलली, म्हणजे खरा दबाव मतदारांचाच होता ना.

शिवाय लेखात भरती परीक्षेबद्दल भरपूर आहे, पक्षवर्गणीबद्दल मात्र एक ओळ नाही. पक्षाच्या वशिल्याने लागलेल्या कारकुनांच्या पगारातून पक्षासाठी ठराविक टक्के वसूल व्हायचे, नाही दिले तर नोकरी जायची भीती, आणि ही वसुली या कायद्याने गुन्हा ठरवली. सुरुवातीला जेमतेम 10 टक्के पदंच भरती परीक्षेच्या कक्षेत आली हे मान्य, पण पक्षांच्या पैशाच्या मुळावरच घाव बसला. कायद्यावर सही करणारे, गारफिल्ड यांच्यानंतरचे अध्यक्ष चेस्टर आर्थर स्वतः न्यूयॉर्क कस्टम हाऊसमधल्या (बंदरावरच्या सीमाशुल्क कार्यालयातल्या) याच व्यवस्थेतून वर आलेले, हेही लेखात यायला हवं होतं.

- एक वाचक, सातारा