टस्कीगीच्या ताईंना, एका निवृत्त बाईंकडून

प्रिय ताई,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. पण ‘द ओक्स’च्या, म्हणजे टस्कीगीचे पहिले प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या घराच्या, बाहेर उन्हाने कासावीस झालेल्या एका परदेशी बाईला तुम्ही सावलीत बसवलंत, पाणी दिलंत आणि जेवणाची सुट्टी तिच्यासाठी घालवलीत, हे तुम्हाला आठवत असेल. ती मी. माझी मुलगी हे पत्र तुम्हाला इंग्रजीतून वाचून दाखवेल. आभार मात्र माझ्याच भाषेत मानावेसे वाटले.

अटलांटाहून मी अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या टस्कीगी विद्यापीठात आले ती कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांच्यासाठी. महाराष्ट्रात कार्व्हर घरोघरी माहीत आहेत. त्यांची गोष्ट मी चौथीच्या वर्गाला दरवर्षी सांगायचे. त्यामुळे टस्कीगी म्हणजे शेंगदाणा, रताळी आणि प्रयोगशाळा, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तुम्ही विचारलंत, काय करत होता? म्हटलं, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते, डी.एड. झालेली. तुम्ही हसून म्हणालात, मग ही जागा आधी तुमची, कार्व्हर तर इथे १८९६ साली आले!

खरं सांगते, डी.एड. म्हटलं की आमच्याकडे लोक ‘एवढंच?’ अशा नजरेने बघतात. आणि तुम्ही तर मला सांगत होता की हे अख्खं विद्यापीठ एका अध्यापक विद्यालयातून उभं राहिलं. गुलामगिरीतून सुटलेले लुईस ॲडम्स पत्र्याची कामं करायचे. निवडणुकीत कृष्णवर्णीयांची मतं हवी असलेल्या उमेदवाराकडे त्यांनी स्वतःसाठी काही मागितलं नाही, शिक्षक घडवणारी शाळा मागितली. राज्याने वर्षाला २,००० डॉलर मंजूर केले, तेही फक्त शिक्षकांच्या पगारासाठी. जमीन नाही, इमारत नाही. ४ जुलै १८८१ ला पंचवीस वर्षांच्या बुकर टी. वॉशिंग्टन यांनी चर्चजवळच्या एका खोपटात तीस जणांचा वर्ग सुरू केला. पाऊस आला की एखादा विद्यार्थी अभ्यास बाजूला ठेवून सरांच्या डोक्यावर छत्री धरायचा. हे ऐकताना मला आमच्या वाडीवरची गळकी शाळा आठवली, पण तुम्हाला थांबवून ते सांगायचं धाडस झालं नाही.

त्या तीस जणांतले बरेचसे आधीच शिक्षक होते, काही चाळिशीला आलेले. त्यांचे विद्यार्थीही सोबत आले होते, आणि काही ठिकाणी विद्यार्थ्याला गुरुजींपेक्षा वरच्या वर्गात प्रवेश मिळाला. हे तुम्ही मला दोनदा सांगितलंत, कारण पहिल्यांदा मला नीट कळलं नव्हतं. दुसऱ्यांदा कळलं आणि डोळे भरून आले. आपल्याच विद्यार्थ्याच्या खालच्या वर्गात जाऊन बसायला केवढं मन लागतं! तीस वर्षं शिकवून मला ते जमलं असतं का, ठाऊक नाही.

मग विटा. पुढे घेतलेल्या शेतावर मुलांनी विटा पाडल्या, पण तीन भट्ट्या वाया गेल्या. चौथीसाठी पैसे नव्हते, म्हणून वॉशिंग्टन यांनी माँटगोमेरीला जाऊन घड्याळ पंधरा डॉलरवर गहाण टाकलं. चौथी भट्टी साधली, घड्याळ मात्र परत मिळालं नाही. इथे तुम्ही माझा हात धरून ‘द ओक्स’च्या भिंतीवर ठेवलात. याही विद्यार्थ्यांनीच पाडलेल्या विटा, म्हणालात. ऊन खाऊन भिंत गरम झाली होती.

ऑलिव्हिया डेव्हिडसन यांचं नाव मी पहिल्यांदा तुमच्या तोंडून ऐकलं. शाळा सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच त्या शिकवायला आल्या आणि पैसे गोळा करायला उत्तरेकडे दारोदार फिरल्या. त्यांच्याविषयी कुणी मराठीत सविस्तर लिहायला हवं. आणि शेताच्या वर्गणीसाठी सहा अंडी घेऊन आलेल्या त्या सत्तरीच्या म्हातारीविषयीही!

पुढचं तुम्ही भराभर सांगितलंत: १९२७ पासून पदवीचे अभ्यासक्रम, १९३७ ला नाव टस्कीगी इन्स्टिट्यूट, १९८५ ला विद्यापीठ. मला लिहायला वेळ लागतोय हे पाहून तुम्ही माझ्या हातातली वही घेतलीत आणि सगळी सालं, नावं मोठ्या अक्षरांत लिहून दिलीत. ते पान मी माझ्या जुन्या पाठ टाचणाच्या वहीत चिकटवलंय. गावी परतले की आमच्या शाळेतल्या नव्या बाईंना दाखवणार आहे. त्या परवाच विचारत होत्या, कार्व्हरच्या पाठाआधी मुलांना काय सांगू?

तुमची,
जिल्हा परिषद शाळेतली एक निवृत्त बाई