शोषखड्ड्याची जागा बदलायला लावलीत, त्याबद्दल

आदरणीय आप्पा,
साष्टांग नमस्कार.

वास्तुशांतीला तुम्ही आला नाहीत, म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितोय.

मे महिन्यात ठेकेदारानं परसात फक्की टाकून शोषखड्ड्याची, म्हणजे संडासाच्या टाकीतलं पाणी जमिनीत मुरवायच्या खड्ड्याची, जागा आखली होती. आमची जमीन परभणीकडची, काळीभोर. उन्हाळ्यात भेगांत पंजा जातो. मी बादलीभर पाणी ओतून दाखवलं, क्षणात गडप. तुम्ही हसलात. "ही उन्हाळ्याची तहान आहे. उद्या बघू."

त्या 'उद्या'चा मला राग आला होता, खोटं कशाला सांगू! गवंडी बसून, त्यांची हजेरी चालू. आणि तुम्ही वीतभर रुंदीचा, कमरेइतका खोल खड्डा घेऊन, तळाला खडी पसरून, रात्रभर त्यात पाणी भरत राहायला लावलंत. सकाळी भेगा मिटलेल्या, माती फुगून लोण्यासारखी. मग खडीवर 15 सेंटिमीटर पाणी ठेवून, लेकीच्या कंपासमधली पट्टी पऱ्हाटीला बांधून तुम्ही चार तास मोजत बसलात. शेवटच्या अर्ध्या तासात पाणी उतरलं 4 मिलिमीटर. 25 मिलिमीटर उतरायला तीन तासांच्या वर! भारतीय मानक 2470 चा, म्हणजे सेप्टिक टाकीच्या सरकारी नियमावलीचा, हिशेब तुम्ही तिथंच विटेवर खडूनं लिहिलात: 25 मिलिमीटरला अर्ध्या तासापर्यंत वेळ लागला तर शोषखड्डा चालेल, तासाच्या वर गेलं तर जमिनीत मुरवायचा नादच सोडायचा. वर विहीर तिथून 14 मीटरवर. हवी किमान 18.

मी हातच टेकले होते. तुम्ही मात्र पहार घेऊन गोठ्याच्या अंगाला गेलात. तिथं चार फुटांवर मुरूम लागला. पुन्हा खड्डा, पुन्हा रात्रभर पाणी. या वेळी अर्ध्या तासात 40 मिलिमीटर. तरीही तुमचं समाधान नाही. आईला विचारलंत, "वहिनी, भादव्यात विहिरीला पाणी कुठवर चढतं?" ती म्हणाली, "वरून अकरावी पायरी बुडत नाही." तेवढ्यावरून तुम्ही खड्ड्याचा तळ त्या पाण्याच्या वर राहील असा ठरवलात. इतकी वर्षं त्या विहिरीचं पाणी पितोय, पण हा प्रश्न मला सुचला नसता.

पाइपाला वीसेक फूट जास्त लागले. ठेकेदार अजून कुरकुरतो. पण श्रावणातली झड लागली, जुन्या जागेवर आठवडाभर डबकं साचून होतं. गोठ्याकडचा खड्डा हूं की चूं नाही.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, ते असो. पण ती पट्टी तुमच्याच पिशवीत गेलीय. शाळा सुरू झाल्यापासून लेक रोज विचारते. ती द्यायला म्हणून तरी या, जेवूनच जा.

तुमचा,
गोठ्याशेजारचा पुतण्या