परळला काम, मग प्रभादेवीत खोली कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईत कुठे उतरावे, यावरचा कालच्या पुरवणीतला लेख वाचला. कुलाबा, वांद्रे, जुहू यांची वर्णने छान आहेत. पण इंदूरहून मुंबईच्या अवंतिका एक्स्प्रेसमध्ये बसणाऱ्यांपैकी कितीतरी जण हातात रिपोर्टांची फाइल घेऊन परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलला निघालेले असतात. त्यांच्या वाट्याला लेखात एकच ओळ आली आहे, 'प्रभादेवीत हॉटेल घ्या, परळ एक किलोमीटरवर आहे', आणि ती ओळच चुकीची आहे.

प्रभादेवी आणि परळ यांच्यामध्ये रेल्वेचे रूळ आहेत. त्यावरचा एल्फिन्स्टनचा पूल पाडण्यासाठी सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झाला. तेव्हापासून टॅक्सीला टिळक पुलाचा किंवा करी रोडचा वळसा पडतो. रेल्वेचा पादचारी पूल आहे, पण केमो घेऊन आलेल्या माणसाला त्याचे जिने कसे चढवणार? टाटा रुळांच्या पूर्वेला आहे, तेव्हा खोलीही पूर्वेलाच घ्यावी. पत्त्यात नुसते 'दादर' असेल तर पूर्व की पश्चिम, हे विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत. पावसाळ्यात दादर आणि परळ यांच्यामधल्या हिंदमाता भागात पाणी तुंबते, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये दादरपेक्षा परळच्या बाजूचे लॉज बरे.

त्याआधी अपॉइंटमेंटचा कागद नीट वाचावा. टाटाचेच ॲक्ट्रेक हे कॅन्सर उपचार आणि संशोधनाचे केंद्र नवी मुंबईत खारघरला, हार्बर लाइनवर आहे. तिथे बोलावले असेल तर परळची खोली काही कामाची नाही.

अवंतिका पहाटे पोहोचते आणि बहुतेक हॉटेले खोली देतात दुपारी बाराला किंवा त्यानंतर. रुग्णाला सहा-सात तास बाकावर बसवायचे नसेल, तर '२४ तास चेक-आउट' (म्हणजे खोलीचा दिवस आपण पोहोचल्यापासून मोजणे) आहे का, हे आधी फोनवर विचारावे. नसेल तर रेल्वेची रिटायरिंग रूम पीएनआर टाकून आयआरसीटीसीवर मिळते का, ते पाहावे. लिफ्ट आहे का, एवढे विचारून भागत नाही. लिफ्टपर्यंत किती पायऱ्या चढायच्या, तेही विचारावे. संडास कमोडचा आहे का, हेही. जिथे उपचार आठवड्यांवर लांबतात, तिथे हॉटेल परवडत नाही. अशांनी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात धर्मशाळेची चौकशी करावी. दादर पूर्वेच्या गाडगे महाराज धर्मशाळेचे नावही लेखात नसावे, याचे फार वाईट वाटले.

आणखी दोन चुका. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी १२ टक्के छापला आहे. तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के आहे. नकाशात वांद्रे टर्मिनस आणि वांद्रे लोकल स्टेशन एकाच ठिपक्यावर दाखवले आहे. ती दोन वेगळी स्टेशने आहेत आणि सामान घेऊन एकातून दुसऱ्यात जायला रिक्षा करावी लागते. माहीम-सायनच्या पुढे दक्षिणेला मात्र रिक्षा चालत नाही, टॅक्सीच घ्यावी लागते. तेही कुठे लिहिलेले नाही.

निदान प्रभादेवीच्या सल्ल्याची दुरुस्ती येत्या रविवारी त्याच पानावर छापावी. कोणीतरी तो वाचून खोली ठरवत असेल.

आपला,
एक वाचक, रामबाग, इंदूर