प्रत्येक थरथर म्हणजे कंपवात नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जागतिक कंपवात दिनानिमित्त (११ एप्रिल) आपल्या आरोग्य पुरवणीत आलेला लेख वाचला. माहिती चांगली होती. पण हात थरथरणे म्हणजे उतारवयातला कंपवात (पार्किन्सन), एवढेच त्यातून मनात राहते. तरुण माणसाचा हात मेंदूतल्या संसर्गानेही थरथरतो, हे कुठेच आले नाही.

माझे धाकटे दीर इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला होते. वय चाळिशीच्या आत. अंगात ताप, डोके सतत दुखणे, उलट्या, आणि उजवा हात इतका ढिला की धोट्यात कांडी बसवता येईना. एका दवाखान्यात अशक्तपणा म्हणून सलाइन लावले. दुसरीकडे उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड दिले, तीही गोळी एचआयव्हीच्या रुग्णांना हालचालीच्या बाबतीत जास्त बाधते, हे पुढे कळले. एचआयव्हीची चाचणी करा असे एमआरआयमध्ये मेंदूत कड्यासारख्या गाठी दिसेपर्यंत कोणी म्हटले नाही. सीडी-४, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी, शंभराच्याही खाली. निदान टोक्सोप्लाझ्मा या परजीवीचा संसर्ग.

हा परजीवी अर्धकच्च्या मटणातून किंवा मांजराच्या विष्ठेने दूषित झालेल्या माती-पाण्यातून शरीरात येतो, वर्षानुवर्षे निपचित पडून राहतो आणि प्रतिकारशक्ती कोसळली की उठतो. (हे ऐकून सासूबाईंनी घरातली मांजर हाकलली. तिचा काही दोष नव्हता, हे डॉक्टरांनी सांगूनही पटले नाही.) आपल्याकडे अशाच गाठी क्षयाच्याही असतात. उपचार म्हणजे को-ट्रायमोक्सॅझोल, मोठ्या मात्रेत. एक स्वस्तातली जंतुनाशक गोळी. मग एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधे, सुरू झाली. ताप गेला, बोलणे सुधारले, पुढच्या एमआरआयमध्ये गाठी आक्रसलेल्या दिसल्या.

आणि मग, काही महिन्यांनी, तोच उजवा हात थरथरू लागला.

घरात एकच गोंधळ. ‘गोळ्यांनीच झालं, बंद करा’ असे नातेवाईक म्हणू लागले. कोणी देवऋषी सुचवला. दिरांनी स्वतःच एआरटी सोडायचे ठरवले होते. मेंदूविकारतज्ज्ञांनी जे समजावले ते मला छापून आलेले हवे आहे: संसर्ग बरा झाला तरी मेंदूच्या मधल्या भागातल्या तारा तुटलेल्याच राहतात, आणि कंप कित्येक आठवड्यांनी, कधी वर्ष-दोन वर्षांनीही उमटतो. याला होम्स कंप म्हणतात. गॉर्डन होम्स या ब्रिटिश डॉक्टरांनी १९०४ मध्ये त्याचे वर्णन केले. तो गोळ्यांमुळे येत नाही. एआरटी सोडली तर मात्र तोच संसर्ग परत येऊ शकतो.

कंपवाताचा हात बहुधा मांडीवर विसावलेला असताना हलतो आणि काही उचलले की शांत होतो. दिरांचे उलटे. चहाचा पेला ओठांजवळ नेईल तसा झोका वाढतो, संथ आणि मोठा. कोपर बरगडीला घट्ट दाबून, अर्धाच भरलेला पेला ते दोन्ही हातांनी धरतात. लेव्होडोपा या कंपवातावरच्या औषधाने थोडा फरक पडला. सगळ्यांना पडतोच असे नाही.

तेव्हा वय कमी असेल, कंप एकाच बाजूला असेल, सोबत ताप किंवा डोकेदुखी असेल, तर एचआयव्हीची चाचणी आधी करून घ्यावी. सरकारी रुग्णालयात ती मोफत आहे, एआरटी २००४ पासून मोफत आहे, आणि २०१७ पासून सीडी-४ किती आहे हे न पाहता सुरू करतात. लाज वाटत असेल त्यांनी एड्सच्या हेल्पलाइनला, १०९७ वर, विचारावे.

आता दिव्यांग प्रमाणपत्राचे. खिडकीवर विचारतात, ‘कंपवात आहे का?’ नाही म्हटले की अर्ज परत. २०१६ च्या कायद्यात दीर्घकालीन चेताविकारांचा गट आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस आणि कंपवात ही त्यातली केवळ उदाहरणे. मागावरची नोकरी गेलेल्या माणसाने हे कोणाला पटवून द्यायचे? आपल्या पुरवणीत एखाद्या तज्ज्ञाकडून यावर लिहून घ्यावे, म्हणजे कात्रण दाखवता येईल.

नाव छापू नये. दिरांनी हे लिहायला संमती दिली आहे, नाव द्यायला नाही.

– एक वाचक, इचलकरंजी