पुण्याच्या लॅबमधल्या मॅडमना, माणमधल्या एका आईकडून

मॅडम, नमस्कार. फोनवर आभार मानायला गेले की मलाच बोलता येत नाही आणि तुम्ही "अहो, ते माझं कामच आहे" म्हणून विषय बदलता, म्हणून आज इथं सगळ्यांसमोर लिहितेय.

आम्ही माण तालुक्यातले. ललिता बाबर आमच्याच मोहीची, २०१६ ला रिओत स्टीपलचेसच्या (अडथळे आणि पाण्यावरून उड्या मारत पळायच्या शर्यतीच्या) फायनलला गेली, १९८४ च्या पी. टी. उषांनंतर ऑलिंपिकमध्ये ट्रॅकची वैयक्तिक फायनल गाठणारी ती पहिली भारतीय बाई. तेव्हा माझी लेक प्राथमिक शाळेत होती आणि तेव्हापासून तिला पळायचंच वेड. आता १७ ची आहे, तीन हजार आणि पाच हजार मीटर पळते.

गेल्या सीझनला तिचं टायमिंग मागं जायला लागलं आणि ज्याला त्याला कारण माहीत होतं. एक कोच म्हणाले मनानं कच्ची आहे, आणि प्रॅक्टिस वाढवली. दुसऱ्यांनी सांगितलं वजन उतरव. जिमवाल्यानं पावडरचे डबे गळ्यात मारले. एका ठिकाणी पैसे भरून पळताना श्वास आणि ठोके मोजायची टेस्ट केली, तिथं काही न सांगता थेट मास्क बांधून ट्रेडमिलवर चढवलं, तिचा जीव घाबरला, तिनं मास्क ओढून काढला तर माझ्यादेखत म्हणाले, "पोरगी टेस्ट पण पूर्ण करत नाही, रेस काय करणार?" आणि वर रंगीत आलेखांचा जाडजूड रिपोर्ट दिला, त्यातलं एक पान कुणी समजावून सांगितलं नाही. त्यानंतर माझी लेक महिनाभर नीट जेवली नाही हो.

तुमच्याकडं आलो तेव्हा मास्क बघूनच तिचे हात गार पडलेले. तुम्ही ते बघितलंत, पण त्यावर एक शब्द बोलला नाहीत. ओढणी कमरेला खोचलीत, मास्क स्वतःच्या तोंडाला बांधलात आणि तिच्यासमोर ट्रेडमिलवर पळून दाखवलंत. मग तिच्यासाठी दुसरा स्वच्छ मास्क काढलात आणि म्हणालात, "यात बोलता येत नाही, म्हणून आपली खूण ठरवू. पंजा आडवा केलास की मी मशीन थांबवणार, का ते विचारणार नाही." नुसतं सांगून सोडलं नाहीत, ती हळू चालत होती तेव्हाच खूण करून बघायला लावलीत आणि खरंच तिथल्या तिथं मशीन थांबवलंत. मॅडम, मला त्या क्षणी रडू आलं, मी तोंड फिरवून उभी राहिले. आजवर हिला सगळ्यांनी "थांबायचं नाही" एवढंच शिकवलं होतं, थांबायचा हक्क पहिल्यांदा तुम्ही दिलात. आणि मग ती शेवटपर्यंत पळाली, पाय पार संपेपर्यंत.

बाकी जे निघालं ते तुम्ही मला कळेल अशा भाषेत सांगितलंत. २२० वजा वय करून तिच्या हृदयाचे मिनिटाला जास्तीत जास्त ठोके २०३ धरले होते, प्रत्यक्षात ते १९० च्या आसपासच निघाले. तो फॉर्म्युला सरासरीचा असतो, एकेका माणसाला लागू पडेलच असं नाही, आणि त्या २०३ वरून काढलेल्या आकड्यांमुळं तिचा सोपा रनसुद्धा सोपा राहत नव्हता, रोजच दमछाक. मला बाहेर बसवून तिला पाळीचं विचारलंत, मग तिच्या परवानगीनं मला आत घेतलंत. पाळी कित्येक महिने बंद होती आणि आम्हाला सांगितलं गेलं होतं की पळणाऱ्या पोरींचं असंच असतं. तुम्ही ठाम सांगितलंत, असं असायला नको, ही व्यायामाच्या मानानं फार कमी खातेय. हिमोग्लोबिन नॉर्मल म्हणून सगळे गप्प होते, तुम्ही डॉक्टरांना सांगून फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तपासायला लावलंत, ते ९ आलं, म्हणजे फारच कमी. ज्यांनी वजन उतरवायला लावलं त्यांनी एकदा तरी विचारायचं होतं पोरगी जेवते का, पाळी येते का.

आता ती भाकरी पोटभर खाते, जेवणावर चहा बंद, लिंबू असतं, गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं चालू आहेत. सोप्या रनला मैत्रिणीशी गप्पा मारता येतील एवढंच पळते. पाळी परत आली. टायमिंग अजून जुन्यावर आलेलं नाही पण मला त्याची घाई नाही, ती सकाळी स्वतःहून बूट घालते हे मी कितीतरी दिवसांनी बघतेय.

मशिनी पुष्कळ ठिकाणी आल्यात मॅडम. पण समोरचं लेकरू घाबरलंय हे बघायला माणूस लागतो, आणि असली माणसं शांतपणे आपलं काम करत असतात, त्यांचं नाव कुठं येत नाही. तुमचंही मी लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही माहितीये.

मार्गशीर्षात म्हसवडला सिद्धनाथाची रथयात्रा असते. त्या वेळेला घरच्यांना घेऊन या, मुक्कामालाच या. पुढच्या टेस्टला आम्ही येतोच आहोत, तिनं रोजच्या रनची वही लिहायला घेतलीय, ती तुम्हाला दाखवायचीय.