रेईश मागूश किल्ल्यावरच्या दादांचे आणि दोघी मुलींचे आभार

गोव्यातल्या वेरे गावचा रेईश मागूश किल्ला 1551 सालचा. पुढे त्याचा तुरुंग झाला, तो 1993 पर्यंत चालला. आत गोवा मुक्तिलढ्यातल्या सैनिकांची छायाचित्रं आहेत, ती बघायची आईची फार इच्छा. रविवारी चढणीवरच तिला घेरी आली. हात गार, अंग घामाने डबडबलेलं. सोबत मी एकटीच.

तिथले सुरक्षारक्षक दादा स्वतःची खुर्ची उचलून धावत आले. जांभ्याच्या भिंतीच्या सावलीत तिला बसवलं, समोर उकिडवे बसून तिचे पाय आपल्या गुडघ्यावर घेतले. डब्याच्या पिशवीतलं कोकम सरबत झाकणाझाकणाने पाजलं. "सवकास, आई, घाय ना." कॉलेजच्या दोन अनोळखी मुली वहीने वारा घालत राहिल्या, तिला पूर्ण बरं वाटेपर्यंत हलल्या नाहीत.

नंतर आई म्हणाली, फोटो बघूनच जाईन. तेव्हा दादा खुर्ची हातात घेऊन मागोमाग चालले, दर चार पावलांवर मांडत. इतकं कोण करतं हो परक्यासाठी!

डॉक्टरांनी तपासलं, ऊन बाधलं होतं. आई आता ठणठणीत आहे. नाव विचारलं तर दादांनी नुसते हात जोडले. दादा, पोरींनो, मनापासून आभार.